इंग्लंडचा पाहुणा आणि येळवशीची आंबील

इंग्लंड युरोपच्या बाजारसंघातून बाहेर पडणार, ही बातमी टीव्हीवर रोज लागायची, तेव्हा मी भाकरी थापत असायचे आणि हे चॅनल बदलत नाहीत म्हणून चिडत असायचे. "तिकडं कुणाचे ट्रक कुणाच्या हद्दीवर अडले, त्यानं माझी भाकरी करपणार हाय का?" असं मी ह्यांना विचारलंही होतं. हे म्हणाले, "गप बस, जगात काय चाललंय ते कळाया पाहिजे माणसाला." आता ते आठवलं की माझं मलाच हसू येतं. भाकरी नाही करपली, पण बाग जायची वेळ आली होती.

आमचं गाव ढोकीच्या बाजूला. कारखाना जवळ, त्यामुळं जिकडं बघाल तिकडं ऊस. हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्त्यानं अशा लागतात की बाई माणसानं चालायचं कुठून, हा प्रश्न. ह्या सगळ्या उसाच्या मधे आमची द्राक्षाची बाग. ती माझ्या हट्टानं लागली. माझं माहेर तुळजापूरकडचं, तिथं बागा होत्या. लहानपणी मी वेलींच्या मांडवाखालीच खेळले. लग्न होऊन इथं आले आणि ह्यांना म्हटलं, आपण बाग लावू. हे म्हणाले, "ऊस कसा, एकदा लावला की माणसाला झोप घेता येते. द्राक्षाला रोज उठून बघावं लागतं." मी म्हटलं, "मग तुमी झोपा, म्या बघते."

आणि खरंच तसं झालं. छाटणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग, दाट मणी कमी करायची विरळणी, कुठल्या ओळीला भुरीचा रोग दिसतो, कुठल्या वेलीला पाणी कमी पडलं, हे सगळं मीच बघत आले. हे बागेत यायचे ते फक्त मला जेवायला हाक मारायला. तरी लोकांत म्हणायचे, "आमची बाग." मी काही बोलायचे नाही. म्हणजे बोलायचे, पण घरी येऊन.

आमचा माल एका निर्यातदाराकडून इंग्लंडला जायचा. तिथल्या दुकानांना हवे तसे मणी आमच्या वेलींना यायचे. पूर्वी त्यात फार भानगड नव्हती. युरोपसाठी जी तपासणी व्हायची तीच इंग्लंडला चालायची. जहाज कुठल्याशा युरोपातल्या बंदराला लागायचं, तिथून आमची खोकी ट्रकनं समुद्र ओलांडून जायची, आणि मधे कुणी विचारायचं नाही, कारण सगळे एकाच बाजारातले.

मग त्यांनी मतदान घेतलं आणि थोडक्या फरकानं बाहेर पडायचं ठरलं. ठरलं खरं, पण कसं पडायचं ह्यावर त्यांची जुंपली. पंतप्रधान आले, पंतप्रधान गेले. स्टँडवरच्या हॉटेलात आमच्या गावची माणसं म्हणायची, आपल्या सरपंचावर दर साली अविश्वास ठराव येतो तरी तो ह्यांच्यापेक्षा जास्त टिकतो. ह्यांना त्या चर्चेत फार रस. मला वाटायचं, वाटणी म्हटली की कुठं बी भांडण आलंच. विहीर कुणाची, बांध कुणाचा. भाऊ भाऊ वेगळे झाले की आधी मजा वाटते, चूल आपली, कुलूप आपलं, आणि मग मिरची कांडायला उखळ मागायला शेजारच्या दारात जावं लागतं. त्यांचंही तसंच झालं असणार.

ते खरोखर वेगळे झाले त्या पहिल्या हंगामात आमची खोकी तिकडच्या बंदरात अडकून पडली. युरोपचा कागद वेगळा, इंग्लंडचा वेगळा, आणि कुठला कागद कुणी बघायचा हे तिथल्या माणसांनाच माहीत नव्हतं. माल नरमला. काही खोकी त्यांनी फेकली म्हणे. मी ते ऐकलं आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पोरीला वाढवून नांदायला पाठवावं आणि तिला कुणी दारातच उभी ठेवावी, तसं मला झालं.

पुढं निर्यातदारानं जहाज थेट इंग्लंडला न्यायचं ठरवलं. त्यात एक चांगलं झालं, ते सांगायलाच पाहिजे. तिकडं पॅकिंगच्या शेडमधी जे पोलंड-रोमानियाचे लोक काम करायचे ते बरेच परत गेले होते. हातच नाहीत तर डब्या भरणार कोण? म्हणून त्या छोट्या प्लास्टिकच्या डब्या इथंच भरून पाठवा, असा निरोप आला. आमच्या शिवारातल्या शेडमधी गावातल्या बायांना काम लागलं. माझी धाकटी जाऊ त्या शेडची मुकादम झाली आणि घरात सुद्धा आम्हाला हुकूम सोडायला लागली. "डोकं झाकल्याबिगर घडाला हात लावायचा न्हाय," असं ती मला माझ्या स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडताना म्हणाली. मी तिला कोथिंबीरच फेकून मारली.

पण बागेवरून ह्यांचं मन उडालं ते उडालंच. एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "ही यंदाची शेवटची. इंग्लंडवाल्यांनी माल पास केला तर ठीक. न्हाय केला तर वेली काढायच्या आणि ऊस लावायचा. बेणं सांगून ठिवलंय म्या." मी विचारलं, "कुणाला इचारून?" हे म्हणाले, "सातबारा कुणाच्या नावावर हाय?" मी कप उचलले आणि आत गेले. कप जरा जोरातच आदळले असतील.

तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. वेलीखाली उभी राहिले की हात आपोआप खोडाला लागायचा. उसाचं बेणं कुठल्या बांधावर येऊन पडेल, हे सुद्धा मी मनात बघून ठेवलं होतं. देवाला म्हणायचे, इंग्लंडला सुबुद्धी दे. त्यांनी संघात राहावं की निघावं ते त्यांचं त्यांनी बघावं, माझी द्राक्षं तेवढी घ्यावीत.

अशात निर्यातदाराच्या साहेबाचा फोन आला. हा साहेब नाशिककडचा, पोरगेलासा, बोलायला गोड. म्हणाला, आता युरोपची तपासणी त्यांना चालत नाही, म्हणून इंग्लंडच्या दुकानदारांनी स्वतःचा माणूस पाठवलाय. तो बागेत येऊन बघणार, नमुना घेणार, आणि बाग घ्यायची का नाही ते ठरवणार. त्यानं तारीख सांगितली आणि विचारलं, "काका, त्या दिवशी शेतात कुणी असेल ना?"

फोन ह्यांच्याकडं होता. हे मोठ्यानं हसले. "कुणी असंल का म्हंजी? आख्खं गाव रानात असतंय त्या दिवशी. या की! पाहुण्याला उपाशीच आणा."

ती येळवस होती. पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगते, आमच्या धाराशिव-लातूरकडं वेळ अमावस्येला घरात कुणी थांबत नाही. रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी करायची, तिच्यात पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजायचे, ताकातली आंबील, सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी, बाजरीचे उंडे, खीर असं सगळं डोक्यावर घेऊन जायचं आणि येईल त्याला खाऊ घालायचं. ओळखीचा असो, अनोळखी असो, त्या दिवशी कुणाला नको म्हणत नाहीत. ज्याला रान नाही त्याला दहा रानांची आमंत्रणं. बाकी सगळं बंद. ऊसतोड बंद, दुकानं बंद, एसटी नुसती रिकामी फिरते. हे सगळं नाशिकच्या साहेबाला कुठून माहीत असणार? आणि ह्यांच्या डोक्यात एवढंच, की सगळे रानात आहेत, म्हणजे तपासणीला ह्याच्यापरीस चांगला दिवस नाही.

मी कपाळावर हात मारला. "अवो, शेड बंद आसंल की! बाया काय डब्या भरायला येणार हायत का येळवशीला?"

"मंग तुझी जाऊ मुकादम कशाला हाय?" हे म्हणाले.

जाऊ म्हणाली, "म्या येळवशीला देवाचं बी ऐकत न्हाय."

तारीख बदलायला फोन केला तर पाहुणा विमानात बसलेला. म्हटलं, आता जे होईल ते होईल. पण एक गोष्ट मी ह्यांना चार-चारदा बजावली. येळवशीला पूजा झाली की घरच्या माणसानं आंबिलीचं मडकं घेऊन रानाला फेरा घालायचा असतो आणि "ओलगे ओलगे सालम पोलगे" असं पूर्वापारचं ओरडत पिकावर आंबील शिंपडायची असते. मी म्हटलं, "ज्वारीत शिंपा, हरभऱ्यात शिंपा. बागेत पाऊल टाकायचं न्हाय. औषधाचा एक थेंब कमी-जास्त झाला तर ते लोक माल घेत न्हाईत, ठाऊक हाय ना?" हे म्हणाले, "व्हय व्हय, कळतंय मला." ह्यांचं 'व्हय व्हय' म्हणजे काय, हे मला इतक्या वर्षांनी कळायला हवं होतं.

येळवशीच्या दिवशी दुपारी पाहुणा आला. गावात रस्ता विचारायला माणूस नाही, म्हणून तो आणि नाशिकचा साहेब बराच वेळ फिरले. पाहुणा पन्नाशीचा, उंच, उन्हानं लाल झालेला. शेडला कुलूप बघून त्यानं साहेबाकडं पाहिलं, साहेबानं माझ्याकडं, आणि मी जावेकडं. जाऊ भज्जी ढवळत होती. तिनं कमरेची किल्ली काढून दिली आणि परत ढवळायला लागली.

शेड बघून झाली. चांगली होती, त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. मग मी त्याला बागेत नेलं. तो घडाखाली वाकून बघायचा, बोटानं मणी दाबायचा, काहीतरी विचारायचा, साहेब मराठीत सांगायचा आणि मी उत्तर द्यायचे. माणूस वाईट नव्हता. मी साहेबाला म्हटलं, विचारा ह्याला, संघातनं निघून बरं झालं का वाईट? पाहुणा हसला. म्हणाला, त्यानं राहायच्या बाजूनं मत दिलं होतं आणि त्याच्या वडिलांनी निघायच्या बाजूनं, आणि त्यावरून घरात असं भांडण झालं की दोन नाताळ ते वेगवेगळे जेवले. मला एकदम तो आपल्यातलाच वाटला. आमच्याकडं ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत सख्खे भाऊ एकमेकांच्या दारातून जात नाहीत. म्हटलं, आता बोलतात का? तो म्हणाला, आता बोलतात, पण त्या विषयावर नाही. शहाणी माणसं.

माझा जीव जरा खाली बसत होता. पाहुण्याच्या तोंडावर पसंती दिसत होती, साहेबानं मला हळूच मान हलवून दाखवली. आणि तेवढ्यात बांधाकडून आवाज आला, "ओलगे ओलगे सालम पोलगे!"

मी वळून बघितलं. धोतर खोचलेलं, डोक्याला टॉवेल, बगलेत मडकं, आणि कडुलिंबाचा डहाळा बुडवून बुडवून हे आंबील उडवत चाललेत. ज्वारीत नाही. हरभऱ्यात नाही. बागेच्या कडेच्या ओळीनं, वेलींवर, पानांवर, घडांवर! पांढरे थेंब मण्यांवरून खाली उतरत होते. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

पाहुण्याचा चेहरा बदलला. त्यानं काहीतरी विचारलं आणि साहेबाच्या तोंडचं पाणी पळालं. "काकू, ते विचारतात काका कसली फवारणी करताहेत?"

"फवारणी न्हाय ती! ताक हाय! ताक आणि ज्वारीचं पीठ!"

साहेबानं सांगितलं. पाहुणा म्हणाला, जे काही असेल ते, बागेच्या फवारणीच्या नोंदीत नाही. तपासणीच्या वेळेला, माणसाच्या समोर, नोंद नसलेलं काहीतरी बागेवर मारलं जातंय, हे त्याला लिहावं लागेल.

तिथं मात्र माझं डोकं फिरलं. मी ह्यांच्या बगलेतून मडकं ओढून घेतलं आणि त्या पाहुण्यासमोर तोंडाला लावलं. सगळी आंबील छातीवर सांडली. "हे बघा! पिते म्या! लेकरं पितात, म्हातारी माणसं पितात! तुमच्या देशात ताक न्हाय का? तुमी आमच्या मालाला बंदरात कुजवलंत, तवा कुणी लिवलं का कुठं? आणि आज चार थेंब उडाले तर लिवणार!" साहेब हात जोडून "काकू, काकू" करत होता. ह्यातलं त्यानं किती सांगितलं, किती गिळलं, ते त्यालाच ठाऊक.

पाहुणा रागावला नाही. उलट फार शांतपणे त्यानं ह्यांच्याकडं बोट केलं आणि एकच विचारलं. साहेब म्हणाला, "काका, ते विचारतात, तुम्हाला सांगितलं नव्हतं का बागेत काही शिंपडायचं नाही म्हणून?"

"सांगितलं हुतं की," हे म्हणाले. "हिनं चारदा सांगितलं."

"मग?"

डहाळा तसाच ह्यांच्या हातात, त्यातून थेंब गळतायत. बांधावर आमची सगळी भावकी येऊन उभी. हे माणसांत कधी माझ्याविषयी चांगला शब्द न बोलणारे. खाली बघत म्हणाले, "ज्वारीला शिंपली. हरभऱ्याला शिंपली. मंग बागेपाशी आलो. आता आख्ख्या रानाला लक्ष्मीचं शिंपायचं आन् हिची बाग तेवढी कोरडी सोडायची, ते मला जमंना. हिनं जीव लावलाय तिला. वरीसभर हिचे हात हायत तिच्यात. म्हणलं एक ओळ तरी शिंपू. चूक माझी हाय, साहेब. ते काय लिवायचं ते माझ्या नावानं लिवा म्हणावं. बागेला नको."

माझ्या छातीवर आंबील वाळत होती. इतक्या वर्षांत हे वाक्य मी घरात, दाराआड सुद्धा ऐकलं नव्हतं. आणि ऐकलं ते इंग्लंडच्या माणसासमोर आणि सगळ्या भावकीसमोर. मला रडू आलं, ते मी पदरानं पुसलं, आणि पदराला आंबील होती म्हणून डोळे चुरचुरले.

साहेबानं ते सगळं इंग्रजीत सांगितलं. ह्या वेळी गिळलं नसावं, कारण तो बराच वेळ सांगत होता. पाहुणा त्या ओळीच्या टोकापर्यंत चालत जाऊन आला. मग म्हणाला, नियम तो नियम, शिंपडलेली ओळ इंग्लंडला जाणार नाही. तिच्यावर खूण बांधा आणि तिचा माल वेगळा ठेवा. बाकीच्या बागेचा नमुना तो घेऊन जातो, नमुना स्वच्छ निघाला तर बाग पास. आणि काय लिहायचं ते तो खरं तेच लिहील, की घरच्या मालकानं पूजेचं ताक शिंपडलं.

मग त्याला आम्ही जेवायला बसवलं. भज्जी त्याला तिखट लागली, पण खाल्ली. आंबील त्यानं नुसती चाखली आणि वाटी बाजूला ठेवली. जाऊ म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, ह्याच्या नोंदीत न्हाय ती." बांधावर सगळे हसले, आणि साहेबानं ते पाहुण्याला सांगितल्यावर तोही हसला.

पुढचे दिवस मी फोनकडं बघत काढले. बागेत मणी भरत होते, त्यांच्यात पाणी उतरून गोडी येत होती, आणि मी प्रत्येक वेलीला म्हणत होते, अजून थोडं थांब. ह्यांना काही विचारायची माझी हिंमत होत नव्हती. रानात बोलले ते बोलले, पण बेण्याचं काय, ह्यावर हे गप्प होते.

एका सकाळी साहेबाचा फोन आला. नमुना स्वच्छ होता. कडेची ओळ सोडून सगळी बाग पास. मी विळा टाकून धावत गोठ्याकडं गेले. हे म्हशीखाली बसले होते. मी म्हटलं, "पास झाली! आता तरी त्या बेणंवाल्याला नको म्हणून सांगा. आत्ताच्या आत्ता सांगा."

हे धार काढत राहिले. वर न बघता म्हणाले, "सांगितलंय."

"कवा?"

"येळवशीच्या आदल्या दिवशी. खोडाला हात लावून उभी हुतीस तू, ते बघून."

मला कळेनाच. म्हणजे पाहुणा यायच्या आधीच? म्हणजे इंग्लंडनं हो म्हणो, नाही म्हणो, वेली राहणारच होत्या? आणि मी मडकं तोंडाला लावलं, परक्या माणसाशी भांडले, रात्रंदिवस देवाला साकडं घातलं, ते सगळं कशासाठी?

"मंग मला का न्हाय सांगितलं?" मी ओरडलेच. म्हैस दचकली.

"सांगितलं असतं तर," हे म्हणाले, "तू पाहुण्याशी एवढी भांडली असतीस व्हय?"

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. इतक्या आनंदात मी आयुष्यात कधी रुसले नव्हते.